दारात अडलेलं कपाट

काल माजघराला चुना द्यायचा म्हणून शिसवी कपाट बाहेर काढायला घेतलं. ते हलताच जुन्या लाकडाचा वास आला आणि धाकटी बहीण यमू आठवली.

हे कपाट घरात आलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. अक्षरं उलटी काढायची, वाचताना अडायची. मास्तर म्हणाले, "पोर दगड आहे." अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिची शाळा बंद करायचं ठरवलं. त्याच दिवशी मुंबईहून आगबोटीनं आलेलं हे कपाट दारात अडलं. मी दार मोजलं, कपाट मोजलं आणि सांगून टाकलं, "जाणार नाही." सुतारानं पाय कापायला करवत काढली.

यमू डोकं तिरकं करून बघत होती. "अण्णा, कापू नका. आडवं करा, पाय आधी आत घाला नि मग फिरवा."

"गप गो! आकडे खोटे बोलतात काय?" मी म्हटलं.

अण्णांनी तसं करून पाहिलं. ओरखडाही न उठता कपाट आत गेलं.

तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "उद्या शाळेत जायचं हो. अक्षरंही येतील आत, जरा फिरवून."

अक्षरं उशिरा आली, पण आली.

काल गड्यांनी दार मोजायला दोरी काढली. मी म्हटलं, "मोजू नका, आडवं करा. माझ्या बहिणीनं आत आणलं तसंच बाहेर काढा."