सात्यांच्या जागेची हिरवी रेघ

या, अशा जवळ सरकून बसा. आणि इथल्या भुताच्या गोष्टी वाचून गालात हसता ना, ते आधी बंद करा... मीही तशीच होती. कोणी भूत दिसलं म्हटलं की म्हणायची, आधी जेवून घे, उपाशीपोटी दिसते तसं. आता नाई म्हणत.

आमचं गाव आरमोरीपासून आत, जंगलाले लागून. पावसाळ्यात वारुळाजवळ सात्या, म्हणजे अळंब्या, निघतात – पांढऱ्या, छत्रीसारख्या, भाजीले मटणाची चव. आपलं वारूळ कोणतं, ते कोणी कोणाले सांगत नाई. सासू ती जागा एकाच सुनेले देते. आमच्या सासूबाईनं शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून सांगितलं, "शेवंते, तुलेच देऊन राह्यली. मोठीले सांगू नको." मोठी म्हणजे माझी जाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाले राहते. सासूबाईचं उठवणं, भरवणं, धुणं सारं मीच केलं होतं. म्हणून ती जागा म्हणजे मले... जाऊ द्या, समजलं तुमाले.

वाघाची दहशत वाढली तशी माझी पोरगी सुनिता ऊर्जानगरहून आली अन् माझ्या फोनमधी अ‍ॅप टाकायले बसली. आपण कुठून कुठी गेलो, त्याची रेघ नकाशावर उमटते म्हणे.

"हे घे आई. यात मी घरबसल्या तुले पाहत राहीन."

"अन् तुझ्या मोठ्या आईनं पाहिली त ती रेघ?"

"तिच्याजवळ साधा फोन आहे."

"तिच्या पोराजवळ नाई साधा."

दुसऱ्या अ‍ॅपले सारखं नेट पाहिजे – जंगलात कुठलं नेट? तिसरं मात्र रेघ फोनमधीच ठेवत होतं, कोणाले पाठवत नव्हतं. निघताना सुरू करायचं, आल्यावर बंद. म्हटलं, हेच टाक.

"मग वाघानं धरलं तर मले कसं कळन?"

"फोन शोधून घेजो. त्यात दिसन."

सुनितानं रागारागात तेच टाकून दिलं.

श्रावणात मी तिच्याकडे राहायले गेली. फोन माझ्याच पिशवीत, अ‍ॅप सुरूसुद्धा केलं नव्हतं. दुपारी चहा घेताना तिनं सहज माझ्या फोनमधलं ते अ‍ॅप उघडलं.

"आई, आज सकाळी तू गावाले होती का?"

आजच्या तारखेची हिरवी रेघ. माझ्या मागच्या दारातून निघालेली, धानाच्या बांध्यांमधून थेट वारुळापर्यंत. अन् येताना बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, मागून लांब वळसा. माझे गुडघे हे असे, मी त्या वळशानं कधीच येत नाई. तो सासूबाईचा वळसा – जागा कोणाले समजू नये म्हणून ती तशीच यायची. रेघ माझ्या दारात संपली नव्हती... जाऊच्या दारात संपली होती.

"चुकते जीपीएस कधी कधी," सुनिता म्हणाली. पण चहा तिनंही तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावात उतरली तशी जाऊकडेच गेली. घरभर सात्यांचा वास.

"बाई, जागा कोणी दाखवली?"

"काऊन, इसरली? मी बांध्यांकडे जाताना तूच त काल तुझ्या मागच्या दारातून हाक मारली अन् पुढं चालू लागली. तोंड म्हणून फिरवलं नाई. म्हटलं रुसून का होईना, नेलं ना एकदाचं."

"मी काल सुनिताकडे होती."

तिचा हात भाजीतच थांबला. म्हणाली, "आवाज त घरचाच होता."

आता तिनं सासूबाईच्या फोटोले हार घातला. म्हणते, माझी आठवण होती माउलीले.

रेघ कशी उमटली, ते मले आजही माहीत नाई. शिकलेल्या लोकांनाही दाखवली, कोणी सांगू शकलं नाई. पण माझं दुखणं ते नाईच. हात धरून "तुलेच" म्हटलं होतं ना? मग मी घरी नसल्याचं पाहून मोठीले नेलं...

दुखऱ्या गुडघ्यांनी मी तो वळसा चालून आली. बोडीच्या पाळीवर बसली, हाका मारल्या. फोनमधी माझीच रेघ उमटली, दुसरी नाई. माझ्याकडे ती एकदाही आली नाई.

तुमी तरी माझ्या घरी या. सात्या संपायच्या आत या.