वाकायचं नाही

आमच्या क्लबाची घंटा पितळेची होती. ती फक्त अध्यक्षांनी वाजवायची असा दंडक होता. दर आठवड्याच्या बैठकीत एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. ती वाजली की बोलणं बंद आणि सगळे सभासद उभे. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर दंड. नवी पेठेतले कापडवाले, दोन वकील, एक दाताचे डॉक्टर, दोन-तीन चादरीचे कारखानदार अशी मंडळी सोलापूरच्या उन्हात कोट घालून घाम पुसत बसायची आणि त्या घंटेला देवळातल्या घंटेहून जास्त मान द्यायची. मला हसू यायचं, पण मनातल्या मनात. त्या वर्षी अध्यक्ष आमचे हेच होते ना!

आता हसले म्हणून नावं ठेवते असं नाही. दुष्काळात हीच कोटवाली माणसं पहाटे उठून खडी फोडायच्या कामावर मजुरांना खायला सुकडी वाटायला जात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोट घरी ठेवून जायची, एवढंच.

दुष्काळ सरल्यावर क्लबाने मोतीबिंदूचं शिबिर घ्यायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत एक शाळा मागून घेतली. बाक बाहेर काढले, वर्ग फिनेलने धुतले आणि जमिनीवर ओळीने गाद्या घातल्या. मोठे सर्जन बाहेरगावाहून येणार होते. रुग्णांची आठ दिवसांची व्यवस्था आम्हा बायकांच्या विभागाकडे आली, आणि बायकांच्या विभागाची सेक्रेटरी मी. मला तेव्हा पंचविसावं लागलं होतं. दिसायला काडी. आवाज मात्र पन्नाशीतल्या हेडमास्तरणीचा. सासूबाई म्हणायच्या, "हिला फोन कशाला हवा? गच्चीवर उभी केली तर बार्शीला ऐकू जाईल."

तेव्हाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी येणं नव्हे. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या आणि उताणं पडून राहायचं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्या आम्हीच चिंध्यांच्या शिवल्या, सीना नदीची वाळू भरून. चावायचं नाही, म्हणून पेज आणि शिरा. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे खाली वाकायचं नाही. "डोळा आत्ताच शिवलाय," सर्जन म्हणाले. "वाकलं की टाक्यावर जोर येतो. हे तुम्ही त्यांच्या डोक्यात बसवायचं."

बसवलं की! पहाटे पाचला मी पहिल्या वर्गापासून सुरुवात करायची. "वाकायचं नाही! कुणीही वाकायचं नाही!" शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांना त्यांच्या भाषेत सांगायला एका विणकराच्या बायकोला धरलं होतं. पण ती म्हणाली, "तुमचं ओरडणं समजतंय त्यांना, मी कशाला?"

माझा खरा सामना झाला तो एक्केचाळीस नंबरशी. मनगटावर चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहायचा अशी पद्धत होती. एक्केचाळीस नंबर म्हणजे सांगोल्याच्या पलीकडून आलेले एक धनगर आजोबा. सोबत त्यांची कारभारीण, हिरव्या लुगड्यातली, बोलायला एकदम चोख. आजोबांचा डावा डोळा कुठल्याशा आजारात पार गेलेला. राहिला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. सर्जननी तपासलं तेव्हा मी शेजारीच होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाकीच्यांचा एक बिघडला तर दुसरा आहे. यांना हा एकच. हा गेला की कायमचा अंधार."

आजोबांना कशासाठी दिसायला हवं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "बाईसायेब, मेंढरं मला तोंडावरनं वळकायची सवं. दोन सालं झाली, नुस्ता वास येतुया आन् आवाज. कंचं कुटलं कळंना. गडी फसवत्यात."

माणूस लाखात एक, पण खोड एकच. पाया पडणं! भूल देणाऱ्याच्या पाया पडले. पट्टी बांधणाऱ्याच्या पडले. पेज आणून देणाऱ्या कॉलेजच्या मुलीच्या पाया पडायला निघाले, तर ती बिचारी ताट टाकून पळाली. डोळ्यांवर पट्टी असली म्हणून काय झालं? बांगड्यांचा आवाज आला की हात पुढे करून पाय चाचपायला लागायचे. मी ओरडायची, "आजोबा, आडवे व्हा!" ते म्हणायचे, "व्हय बाईसायेब, जालो." आणि कारभारीण म्हणायची, "त्येंची पाठच तशी हाय. जत्रंत तर दगडालाबी सोडत न्हाईत."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात गेले. आजोबांना नुकतंच उठून बसायची परवानगी मिळाली होती. कारभारीण पाणी आणायला गेलेली. मी शेजारच्या रुग्णाची उशी नीट करत होते, आवाज चालूच. आजोबांनी तो ऐकला, भिंत धरून उभे राहिले आणि दोन पावलं माझ्याकडे आले. "माईसायेब," म्हणाले, "तुमी हाय म्हून आमी हाय." आणि सरळ वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

आता खरं सांगते. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. माझ्या हातात एक क्षण होता. ते वाकताहेत हे मला दिसत होतं. मी ओरडू शकले असते, त्यांना खांद्याला धरू शकले असते, निदान पाय मागे घेऊ शकले असते. दिवसभर 'वाकू नका' म्हणून गाव गोळा करणारी मी, त्या क्षणी गप्प उभी राहिले. कारण मला बरं वाटलं. दोन दिवस राबत होते, घरच्यांनी कुणी 'शाबास' म्हटलं नव्हतं, आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस मला माईसाहेब म्हणत होता. मी पाय मागे घेतले नाहीत.

संध्याकाळी पट्टी बदलताना सर्जननी टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यात रक्त उतरलं होतं. "हे वाकलेत," ते म्हणाले. "कुणाच्या पाया पडले?" मी म्हटलं, "माझ्या." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. मग म्हणाले, "रक्त विरेल कदाचित. पण आणखी एकदा वाकले तर मी हात टेकले."

पुढचे चार दिवस मी त्या वर्गातून हलले नाही. सासूबाईंनी डबा पाठवला, वर निरोप, की घरी नवरा नावाचा एक प्राणी आहे, त्याची आठवण ठेव. मी आजोबांच्या उशाशी बसून त्यांच्याकडून मेंढरांची नावं, खुणा, कुळकथा ऐकत राहिले. त्यांना पडून राहायला काहीतरी कारण हवं ना! कुठल्या मेंढीचा कान फाटलाय, कुठली लबाड, कुठली दुसऱ्याच्या कळपात घुसते, सगळं मला पाठ झालं. सातव्या दिवशी सर्जन म्हणाले, "रक्त विरलं. डोळा वाचलाय. पण टाका अजून कच्चाच आहे. दीड महिना वाकणं बंद." मी शाळेच्या नळाखाली तोंड धुतलं आणि तिथेच चांगली रडले.

आठव्या दिवशी निरोपाचा समारंभ. त्याची आखणी मीच केली होती, शिबिराआधी महिनाभर. पुण्याहून एक बडे पाहुणे येणार, व्यासपीठावर बसणार. मी माइकवरून नंबर पुकारणार. एकेक रुग्ण दोन पायऱ्या चढून वर येणार, पाहुण्यांच्या हातून चादर घेणार आणि फोटो. चादरी सभासदांच्या कारखान्यांतल्या, सोलापूरचं नाव व्हावं म्हणून. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. मीही केलं होतं.

मी पहिला नंबर पुकारला. पूर्व भागातली एक विडी वळणारी बाई वर आली. पाहुण्यांनी चादर तिच्या हातात ठेवली. आणि ती खाली वाकली.

"वाकायचं नाही!" मी माइकवर ओरडले. दुसरा आला. चादर घेतली. वाकला. आमच्याकडे मोठ्या माणसाने हातात काही ठेवलं आणि घेणारा ताठ उभा राहिला, असं कधी होतं का? कुणाचा बाप जरी माइकवरून ओरडला तरी होत नाही. आठ दिवस मी त्यांना वाकू नका म्हणून दटावलं होतं, आणि शेवटच्या दिवशी मीच त्यांना वाकायला लावणारा कार्यक्रम रचून ठेवला होता. वा गं सेक्रेटरी! पुढच्या रांगेत सर्जन खुर्चीतून उठून हातवारे करत होते. फोटोग्राफरच्या गडबडीत त्यांच्याकडे कोण बघतो?

आणि नंबरांची रांग मोडून, कारभारणीचा हात धरून, एक्केचाळीस नंबर पायरीशी येऊन उभे होते. गावाची एसटी चुकू नये म्हणून स्वयंसेवकांनी त्यांना पुढे घेतलं होतं. आजोबांचे हात आधीच जुळले होते. पहिली पायरी चढले.

घंटा अध्यक्षांसमोर टेबलावर होती. मी दोन ढांगांत तिथे गेले आणि लाकडी हातोडीने ठाण ठाण ठाण वाजवली.

सवय ही काय चीज आहे बघा. सगळे सभासद ताडकन उभे राहिले. आवाज बंद. पाहुणेही गोंधळून उभे राहिले. आमचे हे पुटपुटले, "अगं, काय हे!" मी म्हटलं, "अध्यक्षमहाराज, दंड नंतर घ्या." मग माइक न घेताच बोलले, गरज नव्हती. "ही माणसं वर येणार नाहीत. ही वाकली तर डोळे जातील. खुर्च्या खाली मांडा, सगळ्यांना बसवा. ज्यांना चादर द्यायची आहे त्यांनी खाली उतरून द्यायची."

पाहुण्यांना काय वाटलं कोण जाणे, हसले, कोटाची बटणं सोडली आणि पायऱ्या उतरले. रुग्ण भिंतीला पाठ लावून खुर्च्यांवर बसले. प्रत्येकाच्या खांद्यावर चादर पांघरायला पाहुण्यांना कमरेतून वाकावं लागत होतं. त्यांच्यामागे आमचे हे, त्यांच्यामागे वकीलसाहेब, सगळी कोटवाली रांग वाकत वाकत चालली होती. आजोबांच्या दोन्ही खांद्यांवर मी मागून हात दाबून धरले होते. खालून ते सारखे उसळत होते. "सोडा की बाईसायेब! येवडा मोटा मानूस फुडं आलाय, पाप लागंल!"

"लागू दे," मी म्हटलं. "मला लागू दे."

पुढच्या बैठकीत मला दंड झाला. सगळ्या क्लबाला चहा आणि भजी. मी आनंदाने घातली, वर मिरचीची भजी मुद्दाम जास्त तिखट केली.

दीड महिन्याने चष्मे आले; तोवर सगळ्यांना नुसतं धूसर दिसत होतं. जाड भिंगांचे, काळ्या काड्यांचे. त्याच शाळेत रविवारी वाटप होतं. सर्जनही आले होते. आजोबा खुर्चीवर बसले, सर्जननी चष्मा त्यांच्या कानांमागे अडकवला. आजोबांनी आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी शेजारी पाहिलं. "आगं," कारभारणीला म्हणाले, "लई पिकलीस की गं."

"मग? तुमच्यासाटी थांबून ऱ्हाऊ का?" ती म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली.

सर्जन हसत म्हणाले, "आजोबा, टाका पक्का झाला. आता हवं तेवढं वाका."

मी मागे उभी होते. मला राहवलं नाही. "ऐकलंत का आजोबा? सुटलात एकदाचे!"

आवाज ऐकून आजोबांनी हात जोडले आणि घाईने उठून वळले. त्यांची नजर पहिल्यांदा माझ्या डोक्याच्या वरून गेली. आवाजाच्या मानाने ते कुणीतरी थोराड बाई शोधत होते. मग नजर खाली आली, माझ्यावर थांबली. जाड भिंगांमागे तो एक डोळा भलामोठा दिसत होता. जोडलेले हात हळूहळू सुटले.

"तू व्हय?" ते म्हणाले. "येवडीशी पोर? माज्या नातीयेवडी न्हाईस गं तू!" आणि मग, रागाने नाही, अगदी साधं विचारल्यासारखं, "मी म्हातारा तुज्या पाया पडलो, तवा तुला दिसत हुतं न्हवं? मग पाय मागं का न्हाईस घेतलं?"

मी वाकले आणि त्यांच्या वहाणांवर डोकं टेकवलं. त्यांनी पाय लगेच मागे घेतले.