काकूंच्या एसीतली खरूज

मी गणिताची बाई. आजार माणसामाणसांतून कसा पसरतो, याची समीकरणं मांडणं हे माझं काम. गेल्या वर्षी विषय होता खरूज. तो ऐकला की नातेवाईक विचारायचे, "दुसरं काही मिळालं नाही का?" आणि जरा सरकून बसायचे. मग ती माझ्याच घरात आली.

लेकीच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांचं मलम लावलं, चादरी उकळल्या. माझ्या मॉडेलप्रमाणे प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. महिन्याभरात पुरळ पुन्हा हजर! मी मॉडेलवर भयंकर चिडले. तोवर घाटकोपरच्या आमच्या चाळीत बातमी पसरली होती. मैत्रिणी लेकीचा हात धरेनात. ती दारात बसून त्यांचा खेळ बघायची.

मॉडेलमध्ये मी प्रत्येक बिऱ्हाड वेगळं धरलं होतं. आमच्या मजल्यावर असं वेगळं राहतं कोण? एसी फक्त शेजारच्या मालवणी काकूंकडे. उन्हाळाभर झाडून सगळी पोरं त्यांच्याकडे झोपायला, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. ती खोली गणितात घातली आणि रुग्णांचा आलेख खाली यायचं नाव घेईना. सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी मलम लावलं, तरच तो उतरत होता. खाज नसलेल्यांनीसुद्धा, कारण पहिल्या वेळी खाज सुटायला कित्येक आठवडे लागतात.

हे काकूंना सांगायचं म्हणजे माझी वाट लागणार होती.

"माझ्या घरात खरूज?" काकू कडाडल्या. "अगो, रोज फिनेल टाकून लादी पुसतंय मी!"

"काकू, हा घाणीचा आजार नाही. पोरं जवळजवळ झोपतात, त्यातून होतो."

"मग काय, पोरांका जवळ घेऊचा नाय?"

"घ्या ना! फक्त आधी सगळ्यांनी एकदम मलम लावूया."

काकू उठल्या आणि स्वतःच दारोदार फिरल्या. "हळद लावतात तसा लावायचा, लाजतास काय!" पालिकेच्या दवाखान्यात सगळ्यांना तपासून आणलं तेही त्यांनीच. आठवड्याने दुसऱ्यांदा मलम लावलं आणि खरूज गेली ती गेलीच. पण मला आठवते ती पहिली संध्याकाळ.

पोरं काकूंच्या खोलीत गोळा झाली होती. माझी लेक सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून.

"मागे कित्याक? ये, तुका पयला," म्हणत काकूंनी तिला मांडीवर ओढलं. सगळ्यांच्या देखत, उघड्या हातांनी, तिचं एकेक बोट धरून मलम चोळलं. किती दिवसांनी घराबाहेरच्या कुणीतरी माझ्या पोरीला हात लावला होता! मला रडू आवरेना.

काकूंनी वर बघितलं. "रडतंस काय गो? पाठ कर हयसर. तुका कोण लावतलो?"