सायप्रसचे किनारे आणि आमचे वरचे

सायप्रस बेटाच्या समुद्रकिनाऱ्यांबद्दल आमच्या वरच्यांइतकं कळणारा माणूस अख्ख्या ओमानमध्ये नव्हता, बहुधा सायप्रसमध्येही नसावा, आणि त्यातल्या एकाही किनाऱ्याच्या वाळूला त्यांचा पाय कधी लागला नाही. 'वरचे' म्हणजे मस्कतला अल् खुवैरच्या इमारतीत आमच्या बरोबर डोक्यावर राहणारे शेजारी. मूळचे पुण्याचे, एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. इमारत उभी राहायच्या आधी तिला विटा किती, लोखंड किती, हे कागदावर मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. दुर्दैवाने ते काम त्यांच्याबरोबर घरी यायचं. वहिनींनी फोडणी टाकली की हे पोहे वाटीने मोजायला घ्यायचे, आणि पाहुणा एक वाढला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तोवर तेल जळून जायचं. असा माणूस सायप्रसच्या नादी लागला, आणि त्याला नादी लावलं वहिनींच्या एका वाक्याने.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं शुक्रवारी कुरुमच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बायका नेहमीप्रमाणे चटईवर, सलवार घोट्याच्या वर दोन बोटं ओढून लाटांकडे बघत बसलेल्या. परतताना आमच्या गाडीत वहिनी म्हणाल्या, "मला ना, एकदा मानेपर्यंत समुद्रात उभं राहायचंय. पण ओळखीचं कुण्णी बघायला नको." हसतच बोलल्या होत्या, पण मी आरशात त्यांचा चेहरा पाहिला, ती चेष्टा नव्हती. वरच्यांनीही पाहिला असावा. तेव्हा त्यांची इब्राला साइट चालू होती. इब्रा म्हणजे चहूकडे डोंगर आणि खजुराची झाडं, समुद्राचं नाव नाही. तिथे आठवडाभर एकट्याने काढून पुढच्या गुरुवारी ते आले ते ट्रॅव्हल एजंटकडचं सायप्रसचं रंगीत माहितीपत्रक हातात घेऊनच. "सायप्रसला नेतो तुला," म्हणाले. "तिथे मराठी माणूस औषधालाही सापडायचा नाही." वहिनी चक्क लाजल्या. मला वाटलं, चला, दोन महिन्यांत जाऊन येतील दोघं. कसलं काय!

कारण नुसतं सायप्रस म्हणून भागणार नव्हतं, सायप्रसमधला सर्वांत चांगला किनारा ठरायला हवा होता. मग तक्ता तयार झाला. वाळू, पाण्याची खोली, लाटा, सावली, गर्दी, कपडे बदलायची सोय, अशा रकान्यांत प्रत्येक किनाऱ्याला दहापैकी गुण. निसीची वाळू पांढरीशुभ्र, पण तरुण पोरांचा धांगडधिंगा, म्हणून गुण कापले. पेत्रा तू रोमिऊला समुद्रातून देवी प्रकटली म्हणतात, पण तिथले गोटे पायाला टोचतात; देवीचीही गय झाली नाही. लाराला कासवं अंडी घालतात, पण सावली शून्य. फिग ट्री बे आणि कोनोस यांच्यात पहिल्या नंबरासाठी सात वर्षं मारामारी चालली होती. मी वैतागून म्हणायचो, "अहो, कुठल्याही एकावर जा ना! पाणी सगळीकडे ओलंच असतं." त्यावर ते चष्मा पुसत म्हणायचे, "शेजारी, एकदाच जायचंय. चुकलं तर?"

सराव म्हणून ओमानचे किनारे तपासणंही सुरू झालं. यितीचा रस्ता तेव्हा कच्चा होता, पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची. तिथे हे गृहस्थ टेप घेऊन पाण्यात शिरायचे, किती पावलांवर किती खोल ते ओरडून सांगायचे, आणि मी, शिकलासवरलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी ते लिहून घ्यायचो. एकदा आम्ही असे गुंतलेले असताना वहिनी गुपचूप गुडघ्यापर्यंत गेल्या. अजून दोन पावलं टाकणार, तोच आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांचं कुटुंब भलंमोठं कलिंगड घेऊन हजर! "अय्या, तुम्हीपण इथेच?" वहिनी झटकन बाहेर आल्या आणि कलिंगड कापायला बसल्या. यितीला गर्दीच्या रकान्यात भोपळा मिळाला.

पण खरा घात केला तो रजेने. आखातातल्या माणसाची वार्षिक रजा त्याची नसतेच, ती देशातल्या नातेवाइकांची असते. कंपनी तिकीट द्यायची तेही मुंबईचंच. आणि ह्यांच्या रजेच्या तारखा कळल्या की पुण्यात भराभर मुहूर्त निघायचे. एका वर्षी पुतण्याची मुंज, एका वर्षी मेव्हणीच्या मुलीचं लग्न, एका वर्षी धाकट्या भावाची वास्तुशांत. "तुमच्यासाठीच थांबवलंय हो सगळं," असं फोनवर कुणी म्हटलं की हे विरघळलेच. एकदा मात्र धीर करून ते कंपनीच्या मालकाकडे, अर्बाबकडे गेले आणि यंदा मुंबईऐवजी सायप्रसचं तिकीट द्या म्हणाले. अर्बाब भला माणूस, सगळ्यांना 'सदीक', म्हणजे मित्रा, म्हणायचा. त्याने आश्चर्याने विचारलं, "सदीक, समुंदर तो इधर भी है. उधर काहे को जाना?" हे सलाम करून परतले. घरी येऊन कोनोसचे गुण पुन्हा तपासायला बसले आणि वहिनींना म्हणाले, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." वहिनी मुंजीच्या आहेराची बॅग भरत राहिल्या.

दोन हजार सालानंतर मस्कतमधली मराठी मंडळी हळूहळू सायप्रसला जाऊ लागली, आणि जो तो वरच्यांचा तक्ता घेऊन. आम्हीही निघालो. आदल्या संध्याकाळी वरचे चार फुलस्केप कागद घेऊन खाली आले, मागून वहिनी लाडवांचा डबा घेऊन. "लाराला सकाळी नऊच्या आत. छत्री न्या. कोनोसला गाडी वर लावा आणि उतारावर गुडघे सांभाळा. पाणी दुपारी चारला बघा, मला सांगा." माझी बायको म्हणाली, "सांगायचं कशाला? तुम्ही दोघंच चला ना. आणि तुम्हाला रजा नसेल तर वहिनींना आमच्याबरोबर पाठवा. मी आहे की." वहिनी डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतक्या आशेने त्यांनी नवऱ्याकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हा शहाणा माणूस म्हणाला, "छे, छे! मी नसताना? मग मी तिला काय दाखवणार?"

मी तेव्हा भांडायला हवं होतं. त्यांचे ते चार कागद टराटरा फाडून भांडायला हवं होतं. मी काय केलं? "बरं, बघा तुमचं," म्हणालो आणि पासपोर्ट शोधायला आत गेलो. त्याची मला अजून लाज वाटते.

परत आल्यावर त्यांनी तासभर माझी उलटतपासणी घेतली. आत स्वयंपाकघरात वहिनी मात्र माझ्या बायकोला एकच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावत होत्या: कोनोसला ती पाण्यात कशी उतरली, आधी पाणी किती गार लागलं, मानेपर्यंत गेल्यावर खाली स्वतःची पावलं कशी स्वच्छ दिसत होती.

त्यानंतर तीन वर्षांनी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. नोकरी आवरून दोघं पुण्याला गेली. काठी घेऊन चालणं जमायला लागलं, पण आठवणींची पार सरमिसळ झाली. आम्ही सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा मला त्यांनी ओळखलं नाही, माझ्या बायकोला मात्र बघताक्षणी ओळखलं. "अगं, सायप्रसला काय मजा केली नाही आपण! मानेपर्यंत उभी होते मी पाण्यात. आणि पावलं कशी स्वच्छ दिसत होती!" माझ्या बायकोचीच हकीकत, शब्दन् शब्द. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी वरच्यांकडे बघितलं. एक वीट इकडची तिकडे खपवून न घेणारा माणूस आता ही चूक दुरुस्त करणार, या भीतीने मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आणि हे? हे कुठे होते?"

"हे नव्हते," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना रजाच मिळाली नाही ना. बिचारे!"

वरच्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वहिनींच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले.

"खरंय," म्हणाले. "नाही मिळाली मला रजा. मी नव्हतो, तर आता सांग ना मला. पाणी कसं होतं?"

वहिनी खुलून सांगू लागल्या, आणि हे त्यांचा अधू हात हातात घेऊन नुसतं "मग?", "मग गं?" म्हणत राहिले.