एका पायावर उभी वैशाली

समोरच्या घरातली वैशाली रोज सकाळी कामावर निघताना दारात एका पायावर उभी राहून सँडलचा पट्टा लावते. खांद्याला पर्स, कानाशी फोन, आणि बोलता बोलता हसतेसुद्धा. खिडकीतून तिच्याकडे बघताना माझा नुसता जळफळाट होतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी माझ्यावर उलटल्या. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला सूज आली. औषधांनी ती उतरली, पण गेलेला तोल काही पुरता परतला नाही. घरातल्या घरात मी भिंत धरून चालते, आणि कप उचलला की निम्मा चहा अंगावर सांडते. दुसरीच्या रूपाचा किंवा दागिन्यांचा हेवा मी कधी केला नव्हता. आता मी लोकांच्या घोट्यांचा हेवा करते.

काल वैशाली अळूची भाजी घेऊन आली, तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तुझा फार राग येतो गं मला. एका पायावर किती सहज उभी राहतेस!"

ती गोंधळून म्हणाली, "ताई, मी अशी उभी राहते हे मला माहीतच नव्हतं."

तिच्या त्या माहीत नसण्याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.