लिंगाच्या डबीतल्या गोळ्या

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला मी अफू सोडत होतो, म्हणजे सोडत असल्याचं सोंग करत होतो. उदगीरच्या मोंढ्यात आमचं भुसाराचं दुकान. दुष्काळाने माल येईना, बसून बसून कंबर धरायची, आणि देगलूरच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या गोळीने ती मोकळी व्हायची. पुढं कंबर राहिली बाजूला, गोळी तेवढी उरली.

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. जिल्हा झाल्यापासून अर्धं उदगीर कचेरीच्या कामाला लातुरात असायचं. तिथल्या दवाखान्यातल्या खाटेवर मला कुणीतरी बघितलंच असतं. म्हणून घरातच मागच्या खोलीत मला ठेवलं. बायकोने खिसे, गादी, उशी सगळं तपासलं. गळ्यातल्या लिंगाच्या डबीला मात्र कुणी हात लावला नाही. आमच्यात एकाच्या इष्टलिंगाला दुसरा शिवत नाही, मग तो बाप का असेना. मी नेमक्या त्या चांदीच्या डबीत, लिंगाखालच्या कापडात, दोन गोळ्या दडवल्या होत्या. अक्कल गहाण पडली होती म्हणायला सोपं आहे, पण हे मी चांगल्या शुद्धीत केलं.

पहिल्या दिवशी नुसत्या जांभया, नाकाडोळ्यांना धार. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप झटके द्यायला लागले, हाडं आतून ठणकायला लागली आणि जुलाब सुरू झाले. जुलाबांना दुष्काळ कळत नाही. बायको टँकरच्या रांगेतून हंडा आणायची आणि माझे कपडे धुण्यातच तो संपायचा. आंघोळीशिवाय वडील कधी पूजेला बसले नव्हते. ते ओल्या पंच्याने अंग पुसून बसू लागले, त्यांच्या वाटणीचं पाणी माझ्याकडे येऊ लागलं. हे मला दिसत होतं. तरी तिसऱ्या दिवशी पूजेचं निमित्त करून मी दार लोटलं आणि डबी उघडली.

थोड्या वेळात मी माणसात आलो. भाकरी मागितली. बायको तोंडाला पदर लावून रडली. वडील दारात उभं राहून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदानं.

पाचव्या दिवशी दुसरी गोळी खाल्ली आणि सातव्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बरं वाटत होतं, मग आता काय झालं, असं बायकोने विचारलं. टँकरचं पाणी बाधलं, असं मी तिला तोंड वर करून सांगितलं. त्या खोटेपणाची लाज मला अजून वाटते. अफू सुटली, पण मी सोडली नाही. जवळ उरली नाही म्हणून सुटली.

उठून बसता येऊ लागल्यावर मी वडिलांपुढं सगळं कबूल केलं. आता दोन थोबाडीत बसतील असं वाटलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "दार लोटून पूजा केलीस अन् उठून भाकर मागितलीस, तवाच कळलं मला. पर तुझ्या लिंगाला मी कसा हात लावू? वाटलं, राहिलेली तूच काढून देशील."

राहिलेली गोळी माझ्या गळ्यातल्या डबीत होती, ते दोन दिवस वडील माझी वाट बघत होते.