मोगऱ्याच्या टांग्याची वाट

सत्तरच्या दशकातली गोष्ट. निर्मळमधल्या आमच्या भाऊबंदांच्या आठ वाड्यांचा मोगरा एकाच टांग्यातून नालासोपारा स्टेशनवर आणि तिथून दादरच्या एका व्यापाऱ्याकडे जायचा. एका उन्हाळ्यात त्याचा निरोप आला: ‘गजऱ्याला मिटलेल्या कळ्या लागतात, तुमचा निम्मा माल उमललेला येतो. शनिवारपर्यंत बघतो, मग दुसरं गाव धरतो.’ झालं! जो तो शेजारच्या वाडीकडे बोट दाखवू लागला. सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या चुलतसासऱ्यांचा. दुसरा व्यापारी कोणाच्या ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच टांग्यात चढून बसले. टांगा मानाप्रमाणे फिरायचा. आधी थोरल्यांकडे, त्यांची वाडी स्टेशनच्या वाटेवर. मग दुसऱ्या मानाचं घर गावाच्या पार आत, तिसरं पुन्हा अलीकडे. एकाच गल्लीतून आम्ही तीनदा गेलो, तोवर ऊन चढलं! आमचं घर टोकाचं आणि धाकटं, म्हणून सगळ्यात शेवटी. स्टेशनवर मी करंड्या उघडल्या. आमच्या कळ्या घट्ट मिटलेल्या आणि थोरल्यांची करंडी छान फुललेली, म्हणजे वाया गेलेली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी थोरल्यांना म्हणाले, “मामंजी, टांगा टोकापासून सरळ स्टेशनकडे येऊ दे. तुमची करंडी शेवटी.”

“म्हणजे मी शेवटचा? कालची आलेली सून मला शिकवणार?”

“एक दिवस बघा. माल बिघडला, तर उभा उन्हाळा आमची करंडी टांग्यात चढणार नाही.” मामंजी ‘बघतोच!’ म्हणून उठून गेले.

शनिवारी टांगा आमच्या दारातून निघाला आणि रोजच्या निम्म्या वेळात स्टेशनला पोचला. करंड्यांबरोबर मी दादरला गेले. व्यापाऱ्याने थोरल्यांच्या करंडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर मिटलेल्या कळ्या वर काढल्या आणि म्हणाला, “ताई, सोमवारपासून दोन करंड्या जास्त पाठवा.” काय सांगू, त्या गर्दीत मला नाचावंसं वाटलं!

सोमवारी टांगेवाला आमच्या फाटकाशी पोचला तो हसतच. सवयीने तो आधी थोरल्यांच्या दारात थांबला होता. मामंजी वाडीतूनच ओरडले म्हणे, “इथे कशाला तडमडलास? आधी टोकाला जा! माझ्या कळ्या अजून झाडावर आहेत!”